पाणथळावरचा सूर्योदय आणि हवेचा वाटा

सूर्योदयाच्या छायाचित्रात सूर्यबिंब हवेच, ही समजूत इतकी रुजली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. पहाटे नदीकाठी कॅमेरे लावून उभ्या असलेल्या लोकांचे लक्ष क्षितिजावरच्या एकाच बिंदूकडे असते. बिंब वर येते, शटर भराभर दाबली जातात आणि थोड्याच वेळात सामान आवरायला सुरुवात होते. नंतर पाहावे तर चित्रे बहुधा दोनच प्रकारची निघतात. एकात पाणी आणि गवत बरे दिसते, पण सूर्याच्या जागी पांढरे भोक पडलेले असते. दुसऱ्यात सूर्य गोल आणि तांबूस येतो, पण पाणी, होडी, पक्षी सगळे काळेठिक्कर. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि अधिक महागाचा कॅमेरा घेण्याचे बेत सुरू होतात. या प्रकरणाचे म्हणणे असे की दोष नजर कुठे लावली त्यात आहे. पाणथळावरची सकाळ छायाचित्रात उतरते ती पाण्याला लागून असलेल्या काही मीटर जाडीच्या दमट हवेमुळे. सूर्य तिथे दिव्याचे काम करतो. तो चौकटीत असलाच पाहिजे असे नाही, आणि पुष्कळदा तो नसलेलाच बरा. हे मत आवडीनिवडीचे वाटेल, पण त्यामागची कारणे मोजता येण्यासारखी आहेत.

मोजणीसाठी एखादी खरी जागा डोळ्यांपुढे असलेली बरी. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला तो कालव्यांना पाणी मिळावे म्हणून. पक्ष्यांचा किंवा छायाचित्रांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण अडलेल्या पाण्यात वर्षानुवर्षे गाळ बसत गेला, फुगवट्यात उथळ पाणी, चिखलाची बेटे आणि पाणकणसाचे पट्टे तयार झाले, आणि सिंचनाच्या कामाचे पाणथळ झाले. १९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आल्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले पहिले स्थळ. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ही काठावरची गावे. भोवती ऊस, कांदा, गहू आणि द्राक्षबागा. नाशिकपासून इथवर गोदावरी स्थूलमानाने पूर्वेकडे वाहते आणि पुढे कोपरगावच्या दिशेने थोडी आग्नेयेला झुकते. साधारण २० अंश अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत सरकतो. डिसेंबर-जानेवारीत तो आग्नेयेकडच्या टोकाला असतो. म्हणजे थंडीच्या दिवसांत प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले की उजेड बऱ्याच ठिकाणी समोरून येतो. शिवाय निफाड म्हणजे थंडीचे माहेर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले पहाटेचे तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रांची बातमी होते, आणि पारा एक अंकी आकड्यात उतरणे तिथे नवलाचे नसते. समोरून येणारा उजेड, उथळ पाणी आणि कडाक्याची थंडी हे तिन्ही इथे एकत्र येतात, आणि आपल्या मुद्द्यासाठी हेच तिन्ही लागतात.

पहिली अडचण उजेडाच्या पल्ल्याची आहे. छायाचित्रकार उजेड स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मे. क्षितिजाला टेकलेला सूर्य मध्यान्हीच्या सूर्यापेक्षा काही हजार पटींनी मंद असतो, तरी त्याची तेजस्विता दर चौरस मीटरला काही लाख कँडेला भरते. त्याच क्षणी जमिनीवर सुमारे ४०० लक्स उजेड पडत असतो, आणि त्यात दिसणारे गवत किंवा चिखल फार तर दहा-पंधरा कँडेला परत पाठवतो. हे अंतर पंधरा-सोळा स्टॉपांचे होते. चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर उत्तम परिस्थितीत चौदाच्या आसपास स्टॉप टिपतो, आणि कागदावरच्या छपाईला जेमतेम सात स्टॉप मिळतात. म्हणजे स्वच्छ हवेतला सूर्य आणि त्याच्या पायाशी असलेले गवत एकाच उघडीपीत (एक्स्पोजरमध्ये) नोंदणे अवघड, आणि नोंदले तरी कागदावर दोन्ही जसेच्या तसे दाखवणे अशक्य. डोळ्याला ही अडचण जाणवत नाही, कारण तो एका ठिकाणी स्थिरावून पाहत नाही. सूर्याकडे वळताना तो आक्रसतो, पाण्याकडे वळताना सैलावतो, आणि मेंदू या तुकड्यांचे एक दृश्य जुळवतो. काठावर पाहिलेले आणि पडद्यावर उमटलेले यांत जी तफावत वाटते, तिचे मूळ इथे आहे. महाग कॅमेऱ्याने एखाद-दुसरा स्टॉप वाढतो, पण कागदाचे सात स्टॉप सातच राहतात.

आता हवेकडे वळू. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते आणि तिला लागून असलेली हवा सर्वांत आधी गार होते. गार हवा जड, म्हणून ती सखल भागाकडे घरंगळते, आणि नदीचे पात्र हा परिसरातला सर्वांत सखल भाग. पाणी मात्र जमिनीच्या मानाने सावकाश निवते. पहाटे पाण्याचा पृष्ठभाग १८ अंशांवर आणि वरची हवा ७ अंशांवर आहे असे धरू. १८ अंशांची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे १५.४ ग्रॅम बाष्प धरू शकते, ७ अंशांची हवा ७.७ ग्रॅम. पाण्याला चिकटलेली दमट हवा आणि वरची बाष्पाने भरलेली गार हवा सारख्या प्रमाणात मिसळली, तर मिश्रणात सुमारे ११.५ ग्रॅम बाष्प येते. पण साडेबारा अंशांच्या हवेची धारणशक्ती असते ११ ग्रॅम. उरलेल्या अर्ध्या ग्रॅमला थेंबांच्या रूपात बाहेर पडावे लागते. थेंब बनताना सुटणारी उष्णता जमेस धरली तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. २० मायक्रॉन व्यासाचे थेंब धरले तर एका घनमीटरमध्ये त्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. पाण्यावरून उठणाऱ्या वाफांचा हा हिशेब आहे. त्यात सूर्याचा कुठेही संबंध नाही. तो उगवण्याच्या आधीच सगळी तयारी झालेली असते. म्हणून सूर्योदयाचे छायाचित्र घेणाऱ्याने पंचांगातल्या उदयाच्या वेळेइतकेच आदल्या रात्रीच्या आकाशाकडे, वाऱ्याकडे आणि पहाटेच्या तापमानाकडे पाहायला हवे. आकाश ढगाळ असेल तर जमीन निवत नाही. वारा असेल तर गार आणि उबदार थर घुसळले जातात आणि धुके पाण्यावर टिकत नाही.

या थराने उजेडाचे काय होते ते पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. पाण्यावर दहा मीटर जाडीचे धुके आहे आणि त्यातून एक किलोमीटरपर्यंत दिसते, अशी मध्यम स्थिती घेऊ. दहा मीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण सूर्य क्षितिजावर एकच अंश वर असताना त्याचा किरण या थरातून तिरका येतो, आणि आत त्याला सुमारे ५७० मीटर वाट काटावी लागते. एवढ्या वाटेत सरळ येणाऱ्या प्रकाशाचा साधारण दहावा हिस्साच उरतो. म्हणजे सूर्य तीन स्टॉपांहून थोडा अधिक मंदावतो. बाकीचा प्रकाश नाहीसा झालेला नसतो. थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असल्यामुळे ते तो मुख्यतः पुढच्याच दिशेने विखुरतात. हा विखुरलेला प्रकाश सावलीत पोचतो, गवताच्या आणि होडीच्या मागे उजळ पडदा धरतो, आणि काळोखे कोपरे वर उचलतो. वरचे टोक खाली आले, खालचे वर गेले. पंधरा-सोळा स्टॉपांचे दृश्य कॅमेऱ्याच्या, आणि दाट धुक्यात कागदाच्याही, आवाक्यात येऊन बसते. धुक्यामुळे दृश्य झाकले जाते असे आपण म्हणतो. छायाचित्रापुरते पाहिले तर धुक्यामुळेच ते मावते. पुढच्या दिशेने विखुरण्याच्या या गुणामुळे आणखी एक गोष्ट घडते. तेच धुके सूर्याकडे तोंड करून पाहिले तर उजळून निघते, आणि सूर्याकडे पाठ करून पाहिले तर फिकट, करडे दिसते. सूर्य समोर हवा तो यासाठी. तो चौकटीच्या जरा बाहेर, एखाद्या बाभळीमागे किंवा बांधाआड असला तरी हे काम तितकेच चांगले होते, आणि त्याच्या बिंबाने पल्ला ताणला जात नाही.

दुसरा फायदा खोलीचा. डोंगराळ मुलखात एकामागून एक रांगा असतात, त्यामुळे चित्रात जवळ-दूर आपोआप कळते. पाणथळ सपाट असते. पाणी, चिखल, पाणकणसांचा पट्टा, पलीकडची झाडे हे सगळे काठावरून पाहताना एकमेकांवर चिकटलेल्या पातळ पट्ट्यांसारखे दिसते. स्वच्छ दुपारी काढलेली पाणथळाची चित्रे निरस वाटतात, त्याचे हे मुख्य कारण. धुक्यात मात्र प्रत्येक पट्ट्याची गडदता अंतरानुसार बदलते, आणि ती नियमाने बदलते. जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये हा नियम मांडला: पार्श्वभूमीच्या तुलनेत वस्तूचा उठाव अंतरासोबत घातांकी रीतीने घटतो. एक किलोमीटर दृश्यमानतेच्या धुक्यात १०० मीटरवरच्या होडीचा सुमारे दोन तृतीयांश उठाव शिल्लक राहतो, २५० मीटरवरच्या कणसांचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक, आणि ५०० मीटरवरच्या झाडांचा सातवा हिस्सा. म्हणजे गडद, मध्यम, फिकट अशा तीन पायऱ्या हवाच पाडून देते. यातून जागा निवडण्याचा एक व्यवहारी नियम निघतो. चौकटीतल्या महत्त्वाच्या वस्तू एकाच अंतरावर नकोत. एक जवळ, एक मध्ये, एक लांब असावी. धुके दाट असेल तर ही अंतरे कमी करावीत, विरळ असेल तर वाढवावीत आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरावी, कारण लांबच्या वस्तूकडे पाहताना मधली हवा अधिक लागते.

पाण्याचा वाटाही याच दिशेने जातो. पाण्यावर प्रकाश सरळ पडला तर जेमतेम २ टक्के परावर्तित होतो. बाकीचा आत शिरतो. तो पृष्ठभागाशी दहा अंशांचा कोन करून आला तर सुमारे ३५ टक्के, आणि पाच अंशांवर निम्म्याहून अधिक परततो. उंच मनोऱ्यावरून किंवा पुलावरून खालच्या पाण्याकडे पाहिले की ते काळपट दिसते आणि काठाशी बसून पाहिले की आकाशाइतके उजळ दिसते, ते यामुळे. उजळ पाणी म्हणजे चित्राच्या खालच्या अर्ध्या भागातला काळोख कमी, म्हणजे पुन्हा पल्ला कमी. म्हणून उथळ काठावर तिपाईचे पाय आखूड करून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणणे हा उपाय महागड्या फिल्टरपेक्षा अनेकदा उपयोगी पडतो. अडचण वाऱ्याची. लाटेचा उतार जितका, त्याच्या दुप्पट कोनाने परावर्तन वळते. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या सागरवैज्ञानिकांनी विमानातून घेतलेल्या सूर्यतेजाच्या छायाचित्रांवरून समुद्राच्या लाटांचे उतार मोजले आणि १९५४ मध्ये वाऱ्याशी त्यांचे नाते मांडले. त्यांच्या सूत्राप्रमाणे सेकंदाला एकच मीटर वेगाची झुळूक उघड्या समुद्रावर साधारण पाच अंशांचे उतार तयार करते. म्हणजे परावर्तन दहा अंशांनी विस्कटते. कणसांच्या आडोशाला, अरुंद प्रवाहात हे प्रमाण पुष्कळ कमी असते. स्थिर प्रतिबिंब हवे असेल तर मोठ्या मोकळ्या फुगवट्यापेक्षा बेटांमधल्या चिंचोळ्या वाटा का शोधाव्यात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

या विचारापाशी एक छायाचित्रकार सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या वाटेने पोचला होता. पीटर हेन्री एमर्सन हा शिक्षणाने डॉक्टर. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉरफोक ब्रॉड्स या उथळ जलमय प्रदेशात तो होड्या, बोरू कापणारे मजूर आणि कोळी यांची छायाचित्रे घेत असे. चित्रकार थॉमस गुडॉल याच्यासोबत त्याने १८८६ मध्ये ४० प्लॅटिनम ठशांचा संग्रह काढला. योगायोग असा की ब्रॉड्स हेदेखील माणसाच्या हातून घडलेले पाणथळ आहे. जळणासाठी पीट खणून झालेल्या मध्ययुगीन खाणींत पाणी भरून ती तळी बनली, हे १९५० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांच्या संशोधनाने पुढे आले. एमर्सनच्या त्या संग्रहातले प्रसिद्ध चित्र म्हणजे कमळे तोडणारी स्त्री आणि वल्ही धरलेला पुरुष; त्यात सूर्य नाही, आहे तो दमट हवेतून आलेला सौम्य उजेड. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना निळा रंग अधिक आणि लाल फार कमी दिसत असे, त्यामुळे आकाश चटकन पांढरे पडे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात यावर तोड काढली ती आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडण्याची. एमर्सनला अशी जोडणी मान्य नव्हती. त्याने हाताळता येईल असा उजेडच निवडला आणि सौम्य छटा चांगल्या धरणारा प्लॅटिनम कागद वापरला. पुढे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये काचेवर पडलेला उजेड आणि उमटणारा काळेपणा यांचे नाते मोजून दाखवले. छटा हव्या तशा वळवता येत नाहीत हे कळल्यावर एमर्सनने, छायाचित्रण ही कला आहे, हे आपले मतच जाहीरपणे मागे घेतले. त्याचा तो निष्कर्ष टोकाचा होता. पण हर्टर-ड्रिफिल्डच्या आलेखातून दुसराही निष्कर्ष निघत होता: माध्यमाचा पल्ला ठरलेला असेल तर कौशल्य त्या पल्ल्यात बसणारी हवा ओळखण्यात आहे. एमर्सनची चित्रे हे आधीच करत होती.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: सूर्य नसेल तर त्याला सूर्योदय कोण म्हणेल? लोक बिंब पाहायला जातात, मग छायाचित्रकाराने ते का टाळावे? उत्तर असे की टाळावेच असा नियम नाही. हवेने परवानगी दिली तर जरूर घ्यावे. याचा उत्तम पुरावा छायाचित्रकलेबाहेर सापडतो. क्लोद मोने याने १८७२ मध्ये ल हाव्र बंदरातली पहाट रंगवली. १८७४ च्या प्रदर्शनातल्या त्या चित्रावरून एका चित्रपंथाला नाव मिळाले. त्यातला नारिंगी सूर्य लगेच डोळ्यांत भरतो. हार्वर्डच्या मज्जावैज्ञानिक मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी दाखवले की ते चित्र कृष्णधवल केले तर सूर्य जवळपास नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतीच्या करड्या आकाशाइतकाच ठेवलेला आहे. फरक फक्त रंगाचा आहे. पाणथळावर दाट धुक्यात अगदी हेच घडते: बिंब आकाशाच्या तेजाच्या जवळ उतरते आणि लाल चकती म्हणून दिसू लागते. अशा वेळी ते चौकटीत घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्याला तिथे बसण्याची जागा धुक्याने करून दिलेली असते, हे विसरता कामा नये. धुके विरळ असून बिंबाकडे पाहवत नसेल, तर डोळ्यांना आणि सेन्सरलाही तो इशारा समजावा. विशेषतः आरशाच्या कॅमेऱ्यातून लांब लेन्स लावून तळपत्या सूर्याकडे पाहणे दृष्टीला कायमची इजा करू शकते.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आणि अधिक वजनदार आहे. आजचा फोन एका दाबात अनेक उघडीपी घेऊन त्या जोडतो. पल्ल्याची अडचणच संपली, मग धुक्याची वाट कशाला पाहायची? हे काम म्हणजे ल ग्रेची युक्ती यंत्राने वेगात करणे होय, आणि त्यात अप्रामाणिक असे काही नाही. पण तिची मर्यादाही जुनीच आहे. यंत्र उजळ भाग खाली आणते आणि काळे भाग वर उचलते ते प्रत्येक तुकड्याचा वेगवेगळा विचार करून, त्यामुळे तुकड्यांमधले नाते सुटते. याची तपासणी कुणालाही करता येते. पाणी आकाशाचा काही भागच परत पाठवते, म्हणून आकाशाच्या एखाद्या तुकड्याचे प्रतिबिंब त्या तुकड्यापेक्षा उजळ असू शकत नाही. तरीही फोनवरच्या अनेक सूर्योदयांत पाणी आकाशापेक्षा लख्ख दिसते. चुकीच्या ठिकाणी लावलेल्या, अर्धा भाग गडद असलेल्या श्रेणी-फिल्टरनेही हाच दोष येतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते. दुसरे असे की यंत्र पल्ला दाबू शकते, खोली निर्माण करू शकत नाही. स्वच्छ हवेत शंभर मीटर आणि पाचशे मीटर यांतला छटांचा फरक मुळात नोंदलाच जात नाही, तर जोडणीतून तो येणार कुठून? आणि उलट, धुके असेल तेव्हा हे यंत्र ‘सुधारणा’ म्हणून तेच धुके पुसू पाहते. म्हणून शक्य असेल तिथे कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाइल, ठेवावी. रंगसंतुलन आपोआपवर न सोडता दिवसाच्या उजेडावर बांधून ठेवावे, नाहीतर पहाटेचा निळा आणि तांबूस रंग चूक समजून काढून टाकला जातो. उजेडमापक उजळ धुक्याला करडे करतो, तेव्हा अर्धा ते एक स्टॉप वर द्यावा आणि उजळ भाग फुटत नाहीत एवढे पाहावे. यापलीकडच्या तांत्रिक सूचना कोणत्याही पुस्तिकेत मिळतात.

तिसरा आक्षेप असा की धुके हे हिवाळ्यातल्या मोजक्या पहाटांचे भाग्य. बाकीच्या वर्षाचे काय? इथे मूळ तत्त्व पुन्हा पाहावे लागते. धुके महत्त्वाचे ठरले ते पल्ला कमी करते आणि खोली देते म्हणून. हीच कामे करणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे धूर आणि धूळ. निफाडच्या शेतकऱ्याला थंडीत द्राक्षांची काळजी असते; मणी तडकू नयेत म्हणून बागांत पहाटे शेकोट्या पेटवल्या जातात आणि पाणी सोडले जाते. तापमानाची नेहमीची रीत रात्री उलटलेली असते, खाली गार आणि वर उबदार, त्यामुळे हा धूर वर न चढता आडवा पसरतो आणि शिवारावर पातळ थर धरतो. तो सूर्याला लालसर आणि मंद करतो. उन्हाळ्यातली धूळही थोड्या प्रमाणात हेच काम करते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. सूर्य क्षितिजाखाली असताना बिंबच नसते, त्यामुळे आकाश आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात थोड्याच स्टॉपांचे अंतर राहते. हवा स्वच्छ असो वा नसो. निफाडला जानेवारीच्या मध्यावर सूर्य साधारण ७ वाजून १० मिनिटांनी उगवतो आणि त्याआधीची नागरी संधिप्रकाशाची वेळ सुमारे २४ मिनिटांची असते. तेवढ्यात जमिनीवरचा उजेड तीन-चार लक्सवरून ४०० लक्सपर्यंत चढतो, म्हणजे साडेतीन मिनिटांना एक स्टॉप. इंग्रजी पुस्तकांतले वेळेचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते म्हणूनच. एमर्सनच्या नॉरफोकमध्ये हिवाळी सूर्य इतका तिरका चढतो की हाच संधिप्रकाश सुमारे ४० मिनिटे पुरतो. आपल्याकडे बिंब अडीच मिनिटांत क्षितिजापासून पूर्ण सुटते. तेव्हा चौकट, जागा आणि तिपाई हे सगळे अंधारातच ठरलेले हवे. उजाडल्यावर शोधाशोध करणाऱ्याच्या हाती उरलेला उजेड लागतो.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो बाहेरून नव्हे, पाणथळावरून येतो. चांगल्या चित्राच्या नादात होडी पक्ष्यांच्या थव्यात घालणे, त्यांना उडवून ‘सूर्यासमोरचा थवा’ मिळवणे, ड्रोन फिरवणे असे प्रकार सर्वत्र होतात. थंडीत स्थलांतर करून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक अनावश्यक उड्डाणाची किंमत अन्नाने मोजावी लागते. इथे वर मांडलेला विचार आपोआप मदतीला येतो. उजेड समोरून आणि हवा दमट असेल तर पिसांचा रंग मुळातच दिसत नाही. दिसतो तो आकार. लांब पायांचा शेकाट्या, पाण्यावर गोळा होऊन बसलेला वारकरी, रुंद चोचीचा थापट्या हे छायाकृतीतूनही ओळखू येतात, आणि शे-दोनशे मीटरचे अंतर त्यांना धुक्याच्या पायऱ्यांत नीट बसवते. जवळ जाण्याने चित्र सुधारत नाही, बिघडते. नियमाच्या धाकापेक्षा हे कारण छायाचित्रकाराला अधिक पटावे.

चित्राचा विषय हवा आणि पाणी आहे हे एकदा मान्य केले की त्यांच्यावर कुणाचा ताबा आहे, हा प्रश्नही छायाचित्रकाराचा होतो. नांदूर मध्यमेश्वरची पातळी गंगापूर, दारणा यांसारख्या वरच्या धरणांतून येणाऱ्या आणि कालव्यांतून जाणाऱ्या पाण्यावर ठरते. आवर्तन सुटले की काल जिथे चिखलाचे बेट होते तिथे आज पाणी असते. पाणी उतरले की प्रतिबिंबाच्या जागी भेगाळलेला गाळ. गाळ वाढतो, पाणवेली पसरतात, उघडे पाणी कमी होते. सूर्यबिंबाच्या शंभर चित्रांत यातले काहीच दिसत नाही, जागाही ओळखू येत नाही. तो सूर्य कुठल्याही नदीवरचा असू शकतो. पण ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिशेने, तारीख आणि वेळ नोंदवून वर्षानुवर्षे घेतलेल्या धुक्याच्या, पाण्याच्या आणि काठाच्या चित्रांतून त्या पाणथळाचा इतिहास वाचता येतो: पाणी किती होते, कणसे कुठवर आली होती, गारठा कधी पडला. सौंदर्यासाठी केलेली निवड आणि नोंदीसाठी केलेली निवड इथे एकच ठरते. सूर्य रोज उगवणारच आहे आणि त्याची वेळ शंभर वर्षे आधी सांगता येते. त्याच्या पुराव्याची कुणाला गरज नाही. नांदूर मध्यमेश्वरचे पाणी पुढच्या हिवाळ्यात कुठवर असेल हे मात्र आज कुणीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि कॅमेऱ्याने साक्ष द्यायची ती त्याची.